ख्रिस्ती माणसाने उत्क्रांती मानली तर श्रद्धेचं काय उरतं? आणि आध्यात्मिक परिपक्वता म्हणजे नक्की काय?

श्रद्धा सगळी उरते. मी वसईची कॅथलिक बाई, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. सकाळी चर्चमध्ये मिस्सेची उपासना आणि अकराच्या तासाला डार्विन, असा माझा दिवस असायचा आणि दोघांचं कधी भांडण झालं नाही. तुम्ही लिहिलंय की तुम्ही बी.एस्सी.ला आहात, प्रार्थना गटातले लोक ‘डार्विन की येशू, एकच निवड’ म्हणतात आणि तुमची झोप उडालीय. झोपा. ही निवड बायबलने तुमच्यापुढे ठेवलेली नाही, चर्चनेही नाही. ती माणसांनी ठेवलीय, आणि त्यातल्या एकाला मी जन्मापासून ओळखते. माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा आखातात नोकरीला होता. तिकडे तो एका प्रार्थना गटात गेला आणि परत आला तो पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे हे घेऊनच. आम्ही हसण्यावारी नेलं. पुढे त्याची मुलगी दहावीला आली. पूर्वपरीक्षेचे पेपर मिळाले तशी ती विज्ञान भाग दोनचा पेपर घेऊन माझ्याकडे आली. त्या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. आनुवंशिकतेची उत्तरं सुबक अक्षरात, आकृतीला पेन्सिलीने नावं दिलेली. पुढे अवशेषांगांचा, म्हणजे उत्क्रांतीचा पुरावा मानल्या जाणाऱ्या निरुपयोगी अवयवांचा प्रश्न. क्रमांक लिहिलेला, खाली अर्धं पान कोरं. समासात पेन्सिलीने एक बारीकसा क्रूस काढलेला आणि त्याच्या शेजारी बाईंचं लाल शून्य.

“येत नव्हतं का गं?”

“येत होतं आत्या. माकडहाड, अक्कलदाढ, आंत्रपुच्छ, सगळं पाठ होतं. पप्पा म्हणाले, लिहिलंस तर खोटी साक्ष दिल्यासारखं होईल.”

पोरगी रडत नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं. तिला वाटत होतं तिने काहीतरी मोठं केलंय. आणि गंमत बघा, ज्या आनुवंशिकतेची उत्तरं तिने बिनधास्त लिहिली, तिचा पाया घालणारा मेंडेल हा ऑगस्टिनियन मठातला धर्मगुरू. मठाच्या बागेत वाटाणे लावून त्याने नियम शोधले, ते 1866 मध्ये छापून आले. मेंडेल चालतो, डार्विन चालत नाही, हा कुठला न्याय?

रविवारी मिस्सा झाल्यावर तशीच दादाकडे गेले. म्हटलं, पोरीचे मार्क घालवायचा तुला काय अधिकार? तो म्हणाला, “बाय, तू कॉलेजात शिकवलंस ते पगारासाठी. माझ्या घरात देवाचा शब्द चालतो.” मग देवाचा शब्दच उघडला. बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय. पहिल्या दिवशी प्रकाश, संध्याकाळ, सकाळ. सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ झाली कशी? दादा म्हणाला, “देवाला सूर्य कशाला लागतो?” मी म्हटलं, “देवाला नाही लागत, संध्याकाळीला लागतो.” वहिनीला हसू आलं, आणि तिथेच वाद बिघडला. भाऊ पुस्तक मिटून उठला आणि पुढे बरेच महिने आमच्याकडे जेवायला आला नाही.

सूर्याविना संध्याकाळ कशी, हा प्रश्न माझा नव्हे हो. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने विचारलाय. आणखी पुढे वाचा. पहिल्या अध्यायात आधी प्राणी, मग माणूस. दुसऱ्या अध्यायात आधी माणूस, मग प्राणी. ज्यांनी हे दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्यांना फरक दिसला नसेल? त्यांना तारीखवार नोंदवही लिहायची नव्हती. संत ऑगस्टीनने तर पाचव्या शतकातच बजावलं होतं की आकाश, पृथ्वी, तारे यांबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा हवाला देऊन अडाण्यासारखं बोलला, की ऐकणारे परके लोक पुनरुत्थानावर तरी कशाला विश्वास ठेवतील? पोप पायस बारावे यांनी 1950 मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट देवाकडून, असं सांगून. 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही. यातलं एकही वाक्य दादाच्या गटात कुणी वाचलेलं नव्हतं. जगाचा जन्म इसवी सनपूर्व 4004 चा, हा हिशेब आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने सतराव्या शतकात मांडला. आमच्या गावचं चर्च पोर्तुगीज काळातलं, त्या हिशेबाहून जुनं. आणि राजापूरकडे कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला तो भलामोठा हत्ती बघून या. त्या कातळशिल्पांपैकी काही मध्याश्मयुगातली असावीत असं अभ्यासक मानतात, म्हणजे दहा हजार वर्षांच्या आसपासची. अशरच्या हिशेबाने तेव्हा जगच नव्हतं.

भाचीला मी वाद शिकवला नाही, ओहोटीला खाडीवर नेलं. निवटी तिने कालवणात खाल्लेली, चिखलात नीट पाहिलेली नव्हती. मासाच तो, पण पुढच्या परांवर रेटत चिखलावर चालतो. डोळे डोक्यावर, मधूनच खोबणीत ओढून ओले करून घेतो. गालात पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. पाय वाजला की टुणकन बिळात. हा आपला पूर्वज नव्हे, हेही तिला सांगितलं, कारण मुलं हटकून तीच चूक करतात. आपल्याकडे आलेली शाखा वेगळी, साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या टिकटालिकसारख्या माशांच्या जवळची. पण पाणी सोडून जमिनीवर यायला काय काय लागतं, ते निवटीकडे बघून कळतं. ती म्हणाली, “देवाने असं हळूहळू केलं असेल तर त्यात वाईट काय?” तिचं हे वाक्य मी दादाला कळवलं. उत्तर आलं नाही.

आता परिपक्वतेचं. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय काढा. दुधावरची तान्ही मुलं आणि जड अन्न पचवणारी प्रौढ माणसं, असा भेद तिथे केलाय. प्रौढाची खूण कोणती? सरावाने बऱ्यावाईटाची पारख. पृथ्वीचं वय पाठ असणं ही खूण तिथे दिलेली नाही. माझ्या मते तर ज्याची श्रद्धा कोऱ्या पानाच्या आड लपते तो अजून दुधावरच आहे, मग त्याला हजार वचनं पाठ असोत. ही परिपक्वता तुम्ही कशी मिळवायची? रोजची प्रार्थना, वर्षातून दोनदा तरी धड पापनिवेदन, आणि ज्याच्याशी पटत नाही त्याच्या आजारपणात डबा नेणं. यापुढचं मला सांगता येणार नाही, शिक्षिका आहे मी, सिस्टर नाही.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. ऑगस्टीन स्वतः जगाचं वय सहा हजारांच्या आतच धरत होता. दादा हे लगेच सांगेल आणि ते खरंच आहे. त्याच्या काळी जगाचं वय मोजायचं शास्त्र कुणाकडेच नव्हतं, दादाकडे आहे. दुसरं, सगळं सुरळीत जुळतं असं समजू नका. रोमकरांस पत्रात एका माणसामुळे, म्हणजे आदामामुळे, पाप आणि पापामुळे मरण जगात आलं असं संत पौल म्हणतो, आणि जीवाश्म सांगतात की माणूस यायच्या कितीतरी आधीपासून प्राणी मरतायत. पोप पायस यांनीही सगळ्यांचा मूळ पुरुष एकच, हा धागा सोडला नव्हता. कुणी म्हणतं पौल आत्म्याच्या मरणाबद्दल बोलतोय. मला ते पटतं, पण पुरतं नाही. चांगल्या धर्मगुरूंना गाठून विचारा. आणि दादाची दारू त्याच गटाने सोडवली, आमच्या कुणाच्याने सुटली नव्हती. म्हणून तुम्हाला गट सोडा असं मी सांगणार नाही. जा, गा, प्रार्थना करा. फक्त उत्क्रांतीचा पेपर कोरा सोडायला कुणी सांगितलं, तर फेरपरीक्षेची फी तुम्ही भरणार का, एवढं त्याला तिथल्या तिथे विचारा.