पाय सरळ झाले, मग बूट कशाला?

प्रश्न : आमचा मुलगा आठ महिन्यांचा आहे. जन्मतः त्याची दोन्ही पावले आत वळलेली होती. सरकारी दवाखान्यात दर आठवड्याला एक अशी सहा प्लास्टरे झाली, टाचेमागची शीर कापली आणि नंतर एका आडव्या पट्टीला जोडलेले बूट मिळाले. तीन महिने ते दिवसरात्र घातले. आता फक्त झोपताना घालायचे आहेत. पाय सरळ दिसतात, पण बूट घातले की बाळ रडते, म्हणून आजी ते काढून ठेवते. दसरा झाला की आम्ही दोघे ऊसतोडीला, कोयत्यावर जाणार. तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, हे कसे सांभाळायचे? बायकोने ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असेही घरात बोलतात.
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : आजींची माया समजते, पण बूट आजच रात्रीपासून पुन्हा सुरू करावेत. आपण ज्याला शीर म्हणता तो पोटरीचा स्नायू टाचेशी जोडणारा कंडरा असतो. तो कापल्यामुळे टाच खाली येते, आणि प्लास्टरने पाऊल बाहेर वळते. मात्र पाऊल आत ओढणारा ताण बाळाच्या अंगात कायम असतो, आणि पहिल्या काही वर्षांत पाय झपाट्याने वाढत असल्यामुळे तो ताण पुन्हा जोर धरतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी घडवलेल्या या उपचारात म्हणूनच प्लास्टर दीड-दोन महिन्यांचे आणि रात्रीचे बूट चार वर्षांचे होईपर्यंत असतात. बूट सोडलेल्या बहुतेक मुलांचे पाय पुन्हा वळतात आणि प्लास्टर पहिल्यापासून करावे लागते.

रडण्याचे कारण आधी पायावर शोधावे. बूट काढल्यावर दिसणारी लाली थोड्या वेळात गेली तर काळजी नाही. फोड आला असेल तर बहुधा पट्टा सैल राहून टाच आत घसरते आहे. टाच खाली टेकवून मधला पट्टा आधी घट्ट करावा, आणि बुटाला मागे छिद्र असेल तर त्यातून टाच दिसते का ते पाहावे. आत सुती मोजा हवा. मालिशचे तेल पायावर राहू देऊ नये, कारण तेलकट पाय बुटात सरकतो. त्वचा ठीक असूनही बाळ रडत असेल तर ते केवळ दोन्ही पाय एकत्र हलवता येत नाहीत म्हणून. दिवसा पट्टी धरून पाय एकदम दुमडणे आणि पसरणे खेळासारखे शिकवले की चार-सहा रात्रींत बहुतेक बाळे रुळतात. पट्टीला जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला तर शेजारी झोपणाऱ्या आईलाही ती लागत नाही.

ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. साधारण हजार बाळांत एकाला हा दोष असतो, मुलांमध्ये मुलींच्या दुप्पट, आणि बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. आईला बोल लावणे अन्यायाचे आहे.

कोयत्यावर निघण्यापूर्वी दवाखान्यात जाऊन पाय दाखवावा आणि पुढच्या मापाचा जोड मागून घ्यावा, कारण सहा महिन्यांत बोटे बुटाच्या कडेबाहेर येणारच. केसपेपर सोबत ठेवावा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाचा उपचार मोफत मिळतो, तेव्हा पट्टा तुटला किंवा टाच वर उचललेली दिसली तर ऊसतोडीचा हंगाम संपण्याची वाट न पाहता कारखाना असलेल्या जिल्ह्यातील जिल्हा रुग्णालय गाठावे.