सगळ्यांच्या डोक्याला तेल, माझ्या डोक्याला कोण लावणार?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीत राहते. वय ४७, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. घरात मिस्टर, बारावीतली मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. दर दिवाळीला माझं एकच होतं. दसरा झाला की साफसफाई, मग फराळ, मग पाहुणे, आणि भाऊबीज उरकली की दोन दिवस मी अंथरुणात. गेल्या वर्षी चकल्या तळताना मुलीवर इतकी ओरडले की ती रडत शेजारी जाऊन बसली. यंदा मिस्टर म्हणतात, वज्रेश्वरीकडे एक रिसॉर्ट आहे, गरम पाण्याचा हौद आहे, रात्री लाइव्ह म्युझिक असतं, पाडव्याला तिथेच जाऊ. सासूबाई म्हणतात, ऐन सणाला घराला कुलूप लावायचं? त्यांना शुगर आहे, त्यांना गरम पाण्यात नेलं तर चालेल का? आणि अशानं ताण खरंच जातो, की नुसते पैसे जातात?

उत्तर : तुमच्या पत्रात एक गोष्ट मी शोधत होते, ती सापडली नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुमच्या डोक्याला तेल कोण लावतं?

मी २८ वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. दिवाळीत ड्यूटी नसली की पहाटे चारला उठायचं, पाणी तापवायचं, एकेकाला तेल-उटणं लावायचं, ओवाळायचं. माझी अंघोळ साडेसातला. उरलेलं कोमट पाणी, पाच मिनिटं, आणि कान गॅसवरच्या पोह्यांकडे. समोरच्या मैदानातली दिवाळी पहाट मी कित्येक वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच ऐकली. कुकरची शिट्टी झाली की अर्धा अभंग तिच्यात बुडायचा. गरम पाणी आणि गाणं, दोन्ही दिवाळीत पहिल्यापासून आहेत. आपल्यापर्यंत ती येत नाहीत, कारण त्या वेळी आपण दुसऱ्या कुणाचं तरी काही करत असतो. म्हणून तुम्ही जाणार ही चैन आहे असं मनातसुद्धा आणू नका. तुमची पहिली अंघोळ राहिली आहे, ती करायला चालला आहात.

फक्त पाडव्याला जाऊ नका. सासूबाईंचं म्हणणं मला पटतं, सणाला घरात दिवा हवा. शिवाय पाडव्याला गेलात तर फराळ, भाऊबीज, ओवाळणीची ताटं हे सगळं डोक्यात घेऊनच पाण्यात उतराल. भाऊबीज होऊ द्या आणि त्यानंतरचा मधला वार धरा, शाळांना सुट्टी असतेच. शनिवार-रविवारी तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर इतकी गर्दी असते की कपडे कुठे ठेवायचे याचाच ताण येतो.

निवृत्त झाले त्या वर्षी मी अशीच एका बुधवारी नणंदेबरोबर गणेशपुरीला गेले होते. तुम्हाला भिवंडी-वाडा रस्त्यानं अंबाडीवरून जाता येईल. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी हे सगळं तानसा नदीच्या काठानं जवळजवळच आहे. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचं, १७३९ साली वसई घेतल्यानंतरचं. पायऱ्या चढून दर्शन घ्या, पण ते आधी उरका. पाण्यातून निघाल्यावर पायऱ्या चढू नयेत.

आम्ही कुंडावर पोहोचलो तेव्हा धड उजाडलं नव्हतं. पाण्यावर वाफ होती आणि उकडलेल्या अंड्यासारखा वास, गंधकाचा. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि झटकन मागे घेतला. मग काठावर बसून आधी तळवे, थोड्या वेळानं घोटे, मग पोटऱ्या असं हळूहळू आत गेले. पाणी कमरेपर्यंत आल्यावर माझे खांदे खाली आले. ते इतके दिवस कानांपाशी चढलेले होते हे मला तेव्हा कळलं. नणंद काहीतरी सांगत होती. मी नुसती हं हं करत होते, आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

तिथे कुठे ज्वालामुखी नाही, मुलगी विचारेल म्हणून सांगते. पालघरपासून पार राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात अशा झऱ्यांची ओळच आहे. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खोल उतरतं. जमिनीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढत जाते, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. त्या पाण्यानं सगळे रोग जातात असं लोक सांगतील, तसं मी म्हणणार नाही. पण उष्णतेनं रक्तवाहिन्या सैलावतात, आखडलेले स्नायू सुटतात. आणि अंघोळीनंतर तासा-दोन तासांत अंग निवत जातं तेव्हा झोप लवकर लागते. वीस दिवस ओट्याशी उभ्या राहिलेल्या बाईला एवढं पुष्कळ आहे.

आता गाणं. रिसॉर्टमधलं मी ऐकलं आहे. जेवणाच्या टेबलाशेजारी स्पीकर, शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्यासाठी मुद्दाम रात्र काढू नका. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगाव देवळांत पहाटे काकडा चालतो, म्हणजे भाऊबीजेनंतरही तो चालूच असतो. भिवंडी-वाडा पट्ट्यात भजनी मंडळं भरपूर आहेत, उतराल तिथे आदल्या संध्याकाळी चौकशी करा. आम्ही कुंडावरून ओल्या केसांनी परतत होतो, तर एका लहानशा देवळात सहा-सात माणसं बसली होती. पेटी, पखवाज, टाळ. एकाच्या अंगात बनियन, एक बहुधा तिथून थेट कामावर जाणार असावा, डबा शेजारीच होता. आम्ही खांबाला टेकून बसलो.

दोन अभंगांच्या मध्ये पखवाजवाल्यानं डाव्या पुडीवरची कणीक ओल्या बोटांनी सारखी केली, थाप मारून पाहिली, पुन्हा चिमूटभर लावली. मी त्या कणकेकडे बघत राहिले. त्याआधीचे वीस दिवस माझे हात पिठातच होते, आणि या कणकेचं मला काहीच करायचं नव्हतं. मग आवाज लागला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुःख कसलंच नव्हतं. फोनवर गाणी आपण रोजच ऐकतो, पण भांडी घासता घासता. समोर माणूस गात असला की हात आपोआप मांडीवर येतात. तुमचा ताण जाईल तो अशा बसण्यानं, मग पैसे कमी लागोत की जास्त.

सासूबाईंना जरूर न्या, पण त्यांच्या डॉक्टरांना विचारून. जुन्या शुगरमध्ये पावलांची जाणीव कमी होते, पाणी पोळतंय हे कळतच नाही. मी वॉर्डात असे भाजलेले तळवे पाहिले आहेत, म्हणून हे कळकळीनं सांगते. पाणी तुमच्या मिस्टरांनी स्वतःच्या हातानं पाहायचं, आणि त्यातल्या त्यात कोमट कुंड निवडायचं. पायाला जखम, भेग काही असेल तर सासूबाईंनी काठावरच बसावं. रिकाम्या पोटी, विशेषतः शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, उतरू नये. तुम्हीही एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. उठताना काठ धरून सावकाश उठा, रक्तदाब उतरलेला असतो, चक्कर येते. बाटलीतलं पाणी भरपूर प्या. जोडवी, पैंजण घरीच ठेवा, गंधकानं चांदी काळी पडते. माझी जोडवी घासून घासूनही पूर्वीसारखी झाली नाहीत.

डबे, औषधांची पिशवी, सासूबाईंचा हात, तिकिटं हे सगळं या वेळी मिस्टरांकडे. तसं आत्ताच बोलून ठेवा, बस स्टँडवर नको. फराळाचा डबा नेऊच नका, तिथे वडापाव मिळतो.

आणि मुलीला गेल्या वर्षीच्या ओरडण्याबद्दल अजून काही बोलला नसाल, तर निघायच्या आदल्या रात्री वाटीत तेल कोमट करा, तिच्यापुढे पाठमोऱ्या बसा आणि म्हणा, "आज मला तू लाव."