मध फसफसतो, गॅमा किरणं देऊ का?

प्रश्न : महाबळेश्वर भागात माझ्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. काढलेला मध महिन्या-दोन महिन्यांत फसफसतो. एक व्यापारी म्हणाला, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून घ्या. त्याने मधाचा कस जातो का? मध किरणोत्सारी होतो का?

उत्तर : आधी किरणोत्साराची धास्ती काढून टाका. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण मधातून आरपार जातात, मागे काही उरत नाही. अमेरिकेला जाणारा आपला हापूस २००७ पासून लासलगावच्या 'कृषक' विकिरण केंद्रासारख्या ठिकाणी याच किरणांखालून गेलेला आहे.

आता कस. मधाचं खरं नुकसान करते ती उष्णता. फसफस थांबवायला बरेच जण मध चुलीवर तापवतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. जखमेतल्या जंतूंना मारणारं हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच्यामुळेच तयार होतं. तापवलं की ते विकर मरतं आणि एचएमएफ, म्हणजे तापल्यावर साखरेपासून तयार होणारं रसायन, वाढतं. त्याची कायद्याने मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. किरणांच्या प्रक्रियेत मध फारसा तापत नाही. वैद्यकीय साहित्याला देतात ती २५ किलोग्रेची (किलोग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा दिली तरी जंतुनाशक गुण जवळपास शाबूत राहतो. डायस्टेज हे मधातलं दुसरं विकर मात्र थोडं घटतं. जखमेवर लावायचा मध म्हणूनच किरणांनी निर्जंतुक करतात. तापवून सगळे जंतू जातही नाहीत: बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंचे मधात असू शकणारे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका म्हणतात, ते यामुळेच.

पण तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमच्या मधात पाणी जास्त आहे. किरणांनी फसफस करणारं यीस्ट मरेल, पाणी तेवढंच राहील. बरणी उघडली, ओला चमचा गेला, की पुन्हा फेस. खाण्याच्या मधासाठी हा खर्च करू नका.

त्यापेक्षा घाई सोडा. चौकटीतली निदान पाऊण घरं मेणाने झाकली गेल्याशिवाय ती मधयंत्रात घालू नका. शंका आली तर चौकट आडवी धरून एक हिसका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे, चौकट परत पेटीत ठेवा. पाऊस तोंडावर असला की हात शिवशिवतात, तेव्हाच हे पाळायचं. रिफ्रॅक्टोमीटरवर पाणी २० टक्क्यांच्या आत दिसलं तरच बरण्या भरा.

फसफसलेला मध चांगल्यात मिसळू नका आणि माश्यांनाही घालू नका, त्यांना हगवण लागते.