पगाराचं बोलायची वेळ आली की आवाज का बसतो?

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी लिहायलाच बसले. नवीन नोकरीची ऑफर आलीय, पगार मनात होता त्यापेक्षा कमी आहे, आणि "मॅडम, जास्त मागितलं आणि त्यांनी ऑफरच काढून घेतली तर?" विचारणारे कधी पहिल्यांदाच नोकरी बदलणारे असतात, कधी पंधरा वर्षं मुरलेले, वाक्य मात्र तेच.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून. टीम लीड, तिशी ओलांडलेली, कामात चोख. ऑफरला उत्तर द्यायला दहा दिवस होते आणि तिची झोप उडाली होती.

मी विचारलं, "नेमकी भीती कशाची वाटते?"

"ते म्हणतील, ही कोण लागून गेली."

"आणि ऑफर जाण्याची?"

जरा थांबली. "ती आहेच. पण खरं सांगू का, ऑफर गेली तरी सध्याची नोकरी आहेच की."

तिथेच मला धागा सापडला. म्हणजे पोट भरायचा प्रश्न नव्हताच. ज्यांचा तो असतो त्यांच्याशी मी वेगळं बोलते, कारण हातात दुसरं काही नसताना घासाघीस करणं खरंच अवघड असतं. इथे मात्र भीती वेगळ्याच जागी बसली होती.

पुढच्या भेटीत मी पगाराचा विषयच काढला नाही. टीमबद्दल विचारलं. तर ती रंगून सांगायला लागली, मागच्या वर्षी एका ज्युनियरला इन्क्रिमेंट कमी दिलं तेव्हा ही दोनदा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडली आणि वाढवून घेतलं.

"तेव्हा नाही भीती वाटली?"

"त्यात भीती कसली? तो पोरगा राबतो मॅडम."

म्हटलं, चल, मी साहेब, तू त्याच्यासाठी माग. तिने खुर्ची पुढे ओढली, तळहात टेबलावर ठेवला आणि सुरू झाली, याने हे प्रोजेक्ट वेळेत दिलं, तो क्लायंट टिकवला, याला इतकं मिळायला हवं. आवाज खणखणीत. मग म्हटलं, आता हेच स्वतःसाठी. हात टेबलावरून मांडीवर गेला. "सॉरी, म्हणजे शक्य असेल तर, थोडंसं काही..." आणि मध्येच थांबली. स्वतःचंच बोलणं तिने ऐकलं होतं. "शी! हे मी बोलतेय?"

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं, हे मला बऱ्याच वर्षांच्या कामाने शिकवलंय. मिनिटभराने तीच म्हणाली, "त्याला नाही म्हणाले असते तर मी म्हटलं असतं बजेट नाही. मला नाही म्हणाले तर मी म्हणेन, माझी लायकीच नाही."

हे तिचं तिला सापडलं याचा मला आजही आनंद आहे. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर काम करते, त्यामुळे माझं लक्ष 'हवं' आणि 'च' यांच्यातल्या फरकाकडे असतं. जास्त पगार मिळाला तर हवाय, हे ठीक. मला नकार मिळताच कामा नये, इथे माणूस अडकतो. हाच एलिस 19 वर्षांचा असताना बायकांशी बोलायला घाबरायचा, म्हणून त्याने महिनाभर न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन शंभरेक अनोळखी स्त्रियांशी गप्पा मारल्या. भेटायला तयार झाली फक्त एक, तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही आणि भीती मात्र गेली.

तिला मी हेही सांगितलं की तुझी भीती निव्वळ मनाचे खेळ नाहीत. एमिली अमानतुल्ला आणि मायकल मॉरिस यांच्या 2010 च्या अभ्यासात बायका दुसऱ्यासाठी पुरुषांइतक्याच ठामपणे मागताना दिसल्या, स्वतःसाठी मागताना मात्र लोक काय म्हणतील या अंदाजाने हात आखडला. हा अंदाज अगदीच हवेतला नाही, स्वतःसाठी मागणारी बाई लोकांना जास्त खटकते हेही संशोधनात दिसलंय. म्हणून मागणं सोडायचं नाही, ज्युनियरसाठी मांडलं तसं कामाच्या भाषेत मांडायचं.

बोलायची वेळ म्हणजे ऑफर लेखी आल्यानंतर आणि होकार देण्याआधी, कारण त्यांनी तुम्हाला निवडलेलं असतं आणि तुम्ही अजून बांधलेले नसता. आधी आनंद मनापासून सांगा. घराचे हप्ते, खर्च हे कारण देऊ नका, तिथे तुम्ही काय काम करणार आहात ते सांगा. जुना पगार आपणहून बोलू नका, एकदा तो आकडा टेबलावर आला की सगळं बोलणं त्याच्याभोवती फिरतं. 1974 मध्ये ट्वर्स्की आणि काह्नमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की चाक फिरवून आलेला निरर्थक आकडासुद्धा लोकांचे अंदाज स्वतःकडे ओढतो, मग जुना पगार का नाही ओढणार? त्यापेक्षा त्या कामाला बाजारात काय मिळतं ते चार जणांना विचारून आपला आकडा ठरवा. दुसरी ऑफर नसेल तर आहे म्हणून खोटं सांगू नका. फिक्स्ड पगार वाढत नसेल तर जॉइनिंग बोनस, सुट्ट्या, घरून काम, सहा महिन्यांनी रिव्ह्यू यावर बोला. जे ठरेल ते लेखी आल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. आणि आकडा सांगितला की गप्प. लोक तिथेच घसरतात, शांतता सहन होत नाही म्हणून स्वतःच स्वतःचा आकडा खाली आणतात.

आठवड्याने तिचा फोन आला. आकडा सांगून झाल्यावर पलीकडे सगळं शांत, आणि हिच्या अगदी ओठावर आलं होतं "कमी असलं तरी चालेल". मग ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचत बसली, एक, दोन, तीन, अकरापर्यंत पोचली तेव्हा एचआरवाल्या बाई म्हणाल्या, "पूर्ण नाही होणार, पण निम्मं करू, आणि सहा महिन्यांनी रिव्ह्यू लेखी देते."