जॉर्जियाच्या खेड्यांत चित्रं काढायची असतील तर आधी जेवणाचं गणित बसवा

प्रश्न थोडक्यात असा आहे : जलरंगात काम, सप्टेंबरअखेरपासून तीन आठवडे हाताशी, जॉर्जिया या कॉकेशसमधल्या देशातल्या काखेती (पूर्वेकडचा द्राक्षांचा) आणि स्वानेती (वायव्येकडचा डोंगराळ) भागांतल्या खेड्यांत लोकांच्या घरी राहायचं आणि मांसाहार अजिबात नाही. जमेल का, आणि काम कितपत होईल?

जमेल. फक्त दिवसाची आखणी उजेडाबरोबर जेवणावरही करा. तिथे त्या दिवसांत सूर्य सात-सव्वासातच्या सुमारास उगवतो. घरातला नाश्ता नऊ-साडेनऊच्या आधी क्वचितच लागतो, म्हणजे पहिले दोन तास तुमचे. नाश्त्यानंतर एक वाजेपर्यंत दुसरी बैठक. दुपारी पाहुणा म्हणून टेबलावर बसलात, की ब्रश त्या दिवसापुरते धुऊन ठेवा. त्या जेवणाला ‘सुप्रा’ म्हणतात आणि ते संध्याकाळपर्यंत सहज लांबतं. मधूनच उठून चित्र काढायला जाणं यजमानाला लागतं. टेबलावर बसून स्केचबुक उघडलं तर मात्र कुणाची हरकत नसते, उलट पोझ द्यायला रांग लागते.

सुप्राचे नियम आधीच माहीत असलेले बरे. ‘तमादा’ नावाचा एक जण एकेका गोष्टीसाठी प्याला उचलतो आणि बोलतो. तो बोलत असताना खाणं-पिणं थांबवायचं. त्याने ‘अलावेर्दी’ म्हणून तुमच्याकडे हात केला, की त्याच विषयावर तुम्ही दोन वाक्यं बोलायची. ती मराठीतून बोललात तरी चालतात. पीत नसाल तर पहिल्याच प्याल्याला स्पष्ट सांगा आणि फळांचं सरबत घेऊन प्याला उचला, उचलणं महत्त्वाचं. अर्धवट पिऊन नंतर नकार दिला की आग्रह दुप्पट होतो. ताटली रिकामी केली की पुन्हा भरते, तेव्हा थोडं शिल्लक ठेवून सावकाश खा.

शाकाहाराची काळजी वाटते तेवढी करू नका. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे बुधवार-शुक्रवार उपासाचे असतात, शिवाय मोठे उपासकाळ वेगळे. त्या जेवणात मांस, दूध, अंडी काहीच नसतं आणि त्याला ‘सामार्ख्वो’ म्हणतात. हा एक शब्द कुठल्याही खेड्यात काम करतो. पालक किंवा बीट उकडून, पिळून, अक्रोड-लसूण-कोथिंबिरीत मळलेली प्खाली, अक्रोडाचं वाटण भरलेली वांग्याची गुंडाळी बद्रिजानी, मडक्यातला राजमा म्हणजे लोबिओ, मक्याची भाकरी म्च्हादी, एवढ्यावर आठवडा निघतो. अक्रोडाची ॲलर्जी असेल तर मात्र हा देश कठीण आहे, कारण तो दिसत नाही अशा ठिकाणीही असतो.

फसगत कुठे होते? राजमा भरलेली भाकरी, म्हणजे लोबिआनी, साधारण शाकाहारी असते, पण राचा भागातल्या पद्धतीत तिच्यात डुकराचं मांस पडतं. खिनकाली, म्हणजे मोदकासारखी उकडलेली सारणाची पुरचुंडी, न विचारता मागवली तर मांसाचीच येणार, बटाट्याची किंवा मशरूमची असं वेगळं सांगावं लागतं. ती हाताने खायची : शेंडी धरून उलटी करा, बाजूने छोटा चावा घेऊन आधी रस ओढा, मग उरलेली खा, शेंडी ताटलीत ठेवा. काट्याने टोचली की सगळा रस ताटलीत. स्वानेतीत चीज भरलेली खाचापुरी आणि मांस भरलेली कुब्दारी या भाकऱ्या वरून जवळजवळ सारख्याच गोल आणि बंद असतात, मोडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. ‘खोर्त्सिस गारेशे’ म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ असू द्या. डोंगरात बटाटा आणि चीज यांचाच मारा असतो आणि चार दिवसांत तोंडाची चव जाते. तिथे स्वान मीठ मागा. लसूण, धणे, शेपू, झेंडूच्या सुक्या पाकळ्या, मिरची आणि तिकडची निळी मेथी मिठात कुटलेली असते, आपल्या लसणाच्या चटणीची जागा तेच भरून काढतं.

आता चित्राचे विषय. काखेतीत या काळात ‘र्त्वेली’, म्हणजे द्राक्षतोडणी चालू असते. सगळे पाहुणे तळघराकडे धावतात, पण वाइन करण्यासाठी जमिनीत पुरलेले क्वेव्री नावाचे मोठे रांजण चित्राला फसवे : दिसतात ती फक्त जमिनीतली गोल तोंडं. (या पद्धतीची युनेस्कोने 2013 साली दखल घेतली, पण त्याने चित्र सुधारत नाही.) त्यापेक्षा अंगणात चुर्चखेला, म्हणजे अक्रोड आणि द्राक्षरसाची मिठाई, करत असतील तिथे बसा. अक्रोडाचे अर्धे तुकडे सुईने दोऱ्यात ओवतात. द्राक्षाचा रस आटवून त्यात पीठ लावतात, लिटरला साधारण सव्वाशे ग्रॅम. पीठ गरम रसात थेट टाकलं तर गुठळ्या होतात, म्हणून ते आधी थोड्या गार रसात कालवतात. मिश्रण चमच्यावरून पट्टीसारखं पडू लागलं की माळ बुडवून काठीवर टांगतात. पातळ राहिलं तर ते घसरून खाली गोळा होतं आणि अक्रोड उघडे पडतात. नुकती बुडवलेली माळ काचेसारखी चमकते : कडेला पांढरा कागद सोडा, आत बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अ‍ॅलिझरिन (गडद लाल), ओल्या कागदावर ओला रंग. जुन्या माळेवर साखरेची पांढुरकी भुकटी येते, तिथे चकाकी दाखवली की चित्र खोटं पडतं.

दुसरा विषय ‘तोने’, भाजणीची मातीची उभी भट्टी. भाकरी भिंतीला थापताना माणूस कमरेपर्यंत आत वाकतो आणि उजेड चेहऱ्यावर खालून येतो. भाकरी काही मिनिटांत निघते, म्हणून एका भाकरीत आकृती पुरी करायचा हट्ट नको. तीच हालचाल पुन्हा पुन्हा होते, दर वेळी थोडं थोडं टिपा.

संध्याकाळच्या टेबलासाठी काळा कागद आणि गुवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, न्या. चित्रकार निको पिरोसमानी (1862–1918) याच काखेतीतल्या मिर्झाआनी गावचा. राजधानी तिबिलिसीच्या खानावळींसाठी तो जेवणाच्या मोबदल्यात चित्रं काढायचा, पुष्कळदा काळ्या मेणकापडावर, आणि सावलीच्या जागी ते कापड तसंच उघडं सोडायचा. सिघ्नाघीच्या संग्रहालयात त्याची चित्रं आहेत. ती बघून मगच काळा कागद हातात घ्या. गुवाशचा पहिला थर काळ्यात बुडतो, उजळ जागी दुसरा द्यावाच लागतो. फिकट छटा वाळल्यावर किंचित गडद होतात हेही धरून चाला.

स्वानेतीसाठी झुगदिदीपर्यंत रेल्वे, पुढे मेस्तिया गावाला मार्श्रुत्का, म्हणजे तिथली मिनीबस. उशगुली हे खेडं तिथून सुमारे 45 किलोमीटर आणि 2100 मीटर उंचीवर. रोख लारी (तिथलं चलन) मेस्तियातच काढा. स्वानेतीतल्या खेड्यांतले दगडी बुरूज वर निमुळते होत जातात, सरळ खोकं काढलं की कारखान्याची चिमणी दिसते. दगडाला तयार करडा रंग नको : अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना कागदावरच मिसळू द्या. श्खारा शिखर सकाळी मोकळं असतं, दुपारी बहुधा ढगात जातं, म्हणून तेच आधी. ऑक्टोबरात सकाळी उशगुलीत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कागदावरच गोठतो. तीन भाग पाण्यात एक भाग चाचा, म्हणजे तिथली घरगुती दारू, घातली की उणे तीन-चार अंशांपर्यंत काम चालतं. ती रंगहीन हवी, लाकडी पिंपातली पिवळसर नको. वॉश अशाने जास्त पसरतो, तेव्हा कडा कमी पाण्याने ठेवा. (टर्पेंटाइन, थिनर विमानात नेऊ नका, तैलरंग या सहलीपुरते घरीच बरे.)

माणसांना काढण्याआधी ‘शेइदज्लेबा दाव्खातो?’ विचारा, म्हणजे काढू का. कळपाजवळ बसू नका, मेंढपाळांचे कुत्रे अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. मुक्कामाचे पैसे ठरल्याप्रमाणे द्याच, चित्र त्याऐवजी नको. चित्र वर द्यायचं असेल तर शेवटच्या दिवशी द्या, आधी दिलंत तर उरलेले दिवस शेजाऱ्यांची पोर्ट्रेटं काढण्यात जातील.