पिकअपच्या हौद्यावर पक्क्या भिंतींचा कॅम्पर घरी बांधता येतो का?

आपला प्रश्न असा आहे की, एकेरी केबिनची, नऊ फुटी हौद्याची पिकअप घरी आहे. तिच्यावर दोघांना पावसाळ्यातही राहता येईल असा पक्क्या भिंतींचा कॅम्पर, म्हणजे हौद्यावर बसणारी राहण्याची खोली, स्वतः बांधावा, की ताडपत्रीच्या तंबूवर भागवावे? मी कोल्हापुरात राहतो आणि अशाच पिकअपवर स्वतः बांधलेला कॅम्पर वापरतो. माझे मत असे की तो अवश्य बांधावा. गगनबावड्याच्या पावसात रात्रभर ताडपत्री कोरडी राहत नाही. मात्र वजन किती आणि पाणी कोठून शिरेल, या दोन प्रश्नांची उत्तरे पहिले वेल्डिंग होण्यापूर्वी कागदावर लिहिलेली असली पाहिजेत.

प्रथम आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, पाहावे. एकूण भारित वजनातून गाडीचे रिकामे वजन आणि केबिनमधील दोघांचे वजन वजा केले की जे उरते, तेवढ्यातच सर्व काही बसवायचे असते. पावणेतीन मीटर लांब, 1.65 मीटर रुंद आणि 1.8 मीटर उंच अशा पेटीचा, म्हणजे कॅम्परच्या खोलीचा, अंदाज सांगतो. 25 बाय 25 चा, 1.6 मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला सुमारे 1.2 किलो भरतो, म्हणजे 60 मीटरचे 72 किलो झाले. बाहेरून 3 मिलिमीटरचे एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये प्लास्टिक असलेला तक्ता) लावल्यास 80 किलो, आतून 4 मिलिमीटरचे प्लायवुड 55 किलो, तळाचे 12 मिलिमीटरचे मरीन प्लायवुड 36 किलो आणि मधला एक्सपीएस फोम (उष्णतारोधक घट्ट फोमचे तक्ते) सुमारे 20 किलो धरावा. नुसता सांगाडा व भिंती मिळून 260 किलोंच्या पुढे जातात. दार, खिडक्या, पलंग, कपाटे, बॅटरी, 60 लिटर पाणी, सिलिंडर आणि अंथरूण-पांघरूण धरून आकडा साडेपाचशेच्या आसपास पोहोचतो. मालवाहू पिकअपला हा भार जड नाही. परंतु दुहेरी केबिनच्या, आरामासाठी घेतलेल्या पिकअपची भारक्षमता बरीच कमी असते, म्हणून हाच आराखडा तिच्यावर चढवू नये. सुतार बहुधा सवयीने भिंतींनाही 12 मिलिमीटरचे प्लायवुड सुचवील. तेवढ्या एका होकाराने शंभर किलो वाढतात, आणि तेही बरेचसे उंचावर.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात वजनकाटा शोधावा लागत नाही. पेटी चढवून, पाणी भरून पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलून घ्यावा. पाण्याची टाकी व बॅटरी तळाशी, केबिनला लागून ठेवावी, म्हणजे पेटीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या पुढे राहतो. तो मागे सरकला तर पुढची चाके हलकी होतात आणि घाटाच्या चढावर सुकाणू सैल वाटू लागते.

अमेरिकेतील आराखडे पाहून अनेक जण काम सुरू करतात. तेथील नेहमीच्या पिकअपच्या हौद्यात चाकांच्या कमानी आत आलेल्या असतात, त्यामुळे त्या पेट्या खाली अरुंद व वर रुंद असतात, आणि हौदा आखूड पडल्यास पलंग केबिनच्या टपावर काढलेला असतो. आपल्या मालवाहू पिकअपचा हौदा सपाट आणि पुरेसा लांब असतो. सरळ आयताकृती पेटी करावी आणि टपावरचा पलंग टाळावा. त्याने उंचावरचे वजन आणि वाऱ्याचा मारा दोन्ही वाढतात.

पेटी गाडीला वेल्ड करू नये किंवा घट्ट बोल्टही मारू नये. खराब रस्त्यावर चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळवटते. ताठ पेटी तिला जखडली तर तो पीळ दाराच्या व खिडक्यांच्या कोपऱ्यांत उतरतो आणि तेथेच चिरा पडतात. हौद्यात जाड रबरी चटई अंथरून तिच्यावर पेटी ठेवावी, आणि चार कोपऱ्यांतून टर्नबकलने (फिरवून ताण देता येणाऱ्या स्क्रूच्या कडीने) ती हौद्याच्या पत्र्याला नव्हे, तर चासीपर्यंत पोहोचणाऱ्या हुकांना ताणावी. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासावा. पेटी गाडीवरून उतरवण्यासाठी चार कोपऱ्यांवर स्क्रू जॅकचे पाय लागतात; कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागात असे पाय आटे पाडून करून मिळतात. त्यांच्यामधले अंतर गाडीच्या सर्वांत रुंद भागापेक्षा जास्त हवे आणि रस्त्यावर जाताना ते काढून ठेवता आले पाहिजेत.

उतरवता येण्याजोग्या रचनेला कायद्याचेही कारण आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व कडकपणे मांडले आहे. काम सुरू करण्यापूर्वी आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात जावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

आता पाण्याविषयी, ज्यावर मी सर्वाधिक वेळ आणि पैसा खर्च करायला सांगेन. छताला सांधा असूच नये. एफआरपीचा (काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचा) किंवा ॲल्युमिनियमचा अखंड पत्रा घ्यावा, मागच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर उतार द्यावा आणि पत्र्याची कड भिंतीवरून खाली वळवावी, म्हणजे सीलंट फाटले तरी पाणी बाहेरच ओघळेल. सर्वांत नाजूक जागा म्हणजे समोरची वरची कड. चालत्या गाडीवर पाऊस वरून पडत नाही, तो समोरून आदळतो आणि फटीतून वर चढतो. तेथे पत्रा समोरच्या भिंतीवर किमान तीन बोटे खाली यावा व त्याखाली ब्युटाइल (चिकट रबरी) पट्टी असावी. सिलिकॉनपेक्षा पॉलियुरेथेन सीलंट वापरावे, कारण ते हादऱ्यांत टिकते आणि त्यावर रंगही बसतो. सौर पॅनेलसाठी छताला भोके पाडण्याऐवजी पट्ट्या चिकटवाव्यात. लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा थेट बसवू नये. ओलाव्यात दोन्ही धातू एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून मध्ये रबरी पट्टी द्यावी. चौकोनी पाइपची उघडी टोके बंद करावीत आणि तळाच्या प्लायवुडच्या कडांना इपॉक्सी पाजावे. फोम व आतले प्लायवुड लावण्यापूर्वी पाण्याचा पाइप सर्व बाजूंनी, विशेषतः समोरून जोराने मारून पाहावा. त्या टप्प्यावर गळतीची जागा डोळ्यांना दिसते.

ओल आतूनही येते. झोपलेल्या दोघांच्या श्वासातील बाष्प थंड लोखंडावर पाणी होऊन जमते, म्हणून पाइपच्या आतल्या बाजूवरूनही फोमचा पातळ थर न्यावा. एक झरोका खाली आणि एक छताजवळ कायम उघडा ठेवावा. पावसातही ते बंद करू नयेत.

विजेचे काम तुलनेने सोपे आहे. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दिवे, पंखा आणि फोन यांना पुरते, फक्त फ्यूज बॅटरीला अगदी लागून असावा. पावसाळ्यात पॅनेलवर विसंबू नये, गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर चालणाऱ्या जनित्रावरून) डीसी-डीसी चार्जरने बॅटरी भरण्याची सोय ठेवावी.

गॅसबाबत मात्र तडजोड नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला वायू जमिनीशी साचतो. सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर उघडा असावा. ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून ठेवणे जिवावर बेतते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पलंगाच्या उंचीवर त्याचा अलार्म बसवावा.

गाडी चालत असताना मागे पेटीत कोणालाही बसवू नये, अगदी गल्लीतल्या गल्लीतसुद्धा. गाडीची एकूण उंची मोजून ती चालकासमोर लिहून ठेवावी. जमिनीपासून ती पावणेतीन मीटरच्या आसपास जाते आणि झाडांच्या फांद्या व उंची-अडथळे आपली वाट पाहत नाहीत. आंबा किंवा फोंडा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, ब्रेकवर पाय ठेवून नव्हे. राधानगरी अभयारण्यात परवानगीवाचून शिरता किंवा मुक्काम करता येत नाही; त्या भागात जायचे असेल तर अभयारण्याबाहेर एखाद्या शेतमालकाला विचारून त्याच्या अंगणात किंवा खळ्यावर गाडी लावावी, आणि सांडपाणी त्याच्या ओढ्यात न सोडता टाकीत साठवून परत आणावे.