मैदानाच्या कडेला : ढाल आधी की शिकवणारी आधी?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आमच्या गावात शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलींचा खो-खोचा सराव चालतो. शिकवणारी मुलगी आमच्याच मंडळाची जुनी खेळाडू, बिनपगारी शिकवते. जवळच्या एमआयडीसीतली एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, मदत द्यायला तयार आहे. त्यांना हवी आहे एक दिवसाची जिल्हास्तरीय स्पर्धा, मोठी ढाल, कंपनीच्या नावाचे टी-शर्ट आणि पाहुण्यांचा सत्कार. मंडळात दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. तुमचं काय मत?
– मंडळाचे सचिव, कोरेगाव तालुका

उत्तर : सचिवसाहेब, पैसे जरूर घ्या. कशासाठी घ्यायचे, ते मात्र तुम्ही ठरवा. शिकवणारी मुलगी बिनपगारी आहे, ही तुमच्या पत्रातली गोष्ट मला टोचली. उद्या तिला साताऱ्यात नोकरी लागली किंवा लग्न होऊन ती गेली, की सराव थांबला. टी-शर्ट घालून मुली कुठे जाणार? म्हणून पहिली मागणी तिच्या मानधनाची ठेवा, आणि तीही किमान तीन वर्षांसाठी.

मी शाळेत खेळ शिकवायचे तेव्हा सरावाची हजेरीवही स्वतः लिहायची. जून-जुलैची पानं भरलेली असायची. दिवाळीची सुट्टी संपली की आठवी-नववीच्या मुलींच्या नावापुढे फुल्या पडायला लागायच्या. खेळाचा कंटाळा आला म्हणून नव्हे. थंडीत सहा वाजताच अंधारून येतं, आणि वस्तीवर जायची वाट उसातून. कुठली आई पाठवेल? मैदानाला लागून पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्या काकांनी स्वतःच्या मीटरवरून वायर ओढून शाळेच्या भिंतीवर एक हॅलोजन लावून दिला. वस्तीवरच्या मुलींना घरी सोडायला पालकांनी आपापसात वार वाटून घेतले. फुल्या कमी झाल्या. खेळासाठी गावानं हात पुढे करणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी अजूनही ती वही काढून दाखवते.

तेव्हा कंपनीच्या साहेबांना कार्यालयात भेटू नका, मैदानावर बोलवा, तेही दिवस मावळताना. मुली कपडे कुठे बदलतात, पाणी कुठून आणतात, पाळीच्या दिवसांत सरावाला का येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात येऊ द्या. आतून कडी लागणारं स्वच्छतागृह, दिवे आणि शिकवणारीचं मानधन एवढं झालं तर ढालीशिवायही तुमच्या मुली दहावीपर्यंत मैदानावर राहतील.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची असते. कोणत्या कामांवर, त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तुमची शिकवणारी त्यात बसते. उलट, २०१४ सालीच केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं खुलासा केला होता की मॅरेथॉनसारखे एकदाच होऊन जाणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरायचे नाहीत. पुढे २०२१ च्या सुधारित नियमांनी आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्वही वगळलं. एक दिवसाची स्पर्धा आणि छातीवर नाव हा खर्च सीएसआरमध्ये दाखवणं त्यांनाच जड जाईल. हे त्यांना गोडीनं सांगा. जाहिरातीच्या खात्यातून करायची असेल तर स्पर्धा त्यांनी अवश्य करावी.

कागदपत्रं मात्र आधी बघा. मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी, अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी, एवढं सगळं लागतं. नसेल तर या अटींत बसणाऱ्या एखाद्या संस्थेमार्फत पैसे घ्या. शाळेची संस्था बसत असेल तर सगळ्यात बरं.

आता स्पर्धेबद्दल. मी स्पर्धेच्या विरोधात मुळीच नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीही झोपडपट्टीतल्या मुलांची फुटबॉल स्पर्धाच भरवली होती. पण स्पर्धा संपल्यावर ते त्या पोरांना सोडून गेले नाहीत. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकर या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. केनियातल्या नैरोबीच्या मथारे झोपडपट्टीत १९८७ साली सुरू झालेल्या संस्थेची रीत तर मला फारच आवडते. तिथल्या लीगमध्ये सामना जिंकला की ३ गुण, आणि संघानं मिळून वस्तीतला कचरा साफ केला की ६. तुंबलेली गटारं मोकळी केल्याशिवाय वरचा क्रमांक मिळणं कठीण. तुमची स्पर्धा एका दिवसात उरकण्यापेक्षा दर शनिवारी एक सामना अशी लावा आणि गुणांत असं काही घाला. ओढ्याकाठचं प्लास्टिक असो, नाहीतर धाकट्या मुलींना सूर मारायला शिकवणं असो. काय ते तुमच्या मुलींनाच ठरवू द्या.

टी-शर्टवर नाव असण्यालाही माझी हरकत नाही. पण स्पेनच्या बार्सिलोना फुटबॉल क्लबनं २००६ मध्ये काय केलं ते तुमच्या मंडळींना सांगा. तोवर त्यांच्या जर्सीच्या छातीवर कुठल्याच प्रायोजकाचं नाव नव्हतं. पहिल्यांदा लावलं ते मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफचं, आणि त्यासाठी क्लबनंच वर्षाला १५ लाख युरो द्यायचं कबूल केलं.

आणि हो, मुलींचे फोटो कंपनीच्या अहवालात जाणार असतील तर आधी पालकांची लेखी परवानगी घ्या. करारात वर्षाअखेरीस काय मोजायचं तेही लिहा. पदकं किती आली हे नको. जूनमधल्या किती मुली मार्चमध्येही येतायत, हे मोजा.

प्रश्न : मी नाशिकमध्ये वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. एक संस्था बूट द्यायला तयार आहे, पण शाळेत न जाणाऱ्यांना संघात घ्यायचं नाही अशी त्यांची अट आहे. माझी तीन पोरं शाळा सोडून गॅरेजमध्ये कामाला जातात, आणि तीच सगळ्यात चांगली खेळतात. काय करू?
– एक तरुण प्रशिक्षक

उत्तर : बेटा, अट वाईट नाही. मुंबईत कुलाब्याच्या आंबेडकर नगरमध्ये अशोक राठोड यांनी २००६ मध्ये ऑस्कर फाउंडेशन सुरू केलं, तेव्हा त्यांचाही नियम हाच होता: शाळा नाही तर फुटबॉल नाही. पण ते त्याच वस्तीत वाढलेले. कुठलं पोर शाळा सोडून ससून डॉकच्या मासळीबंदरावर कामाला का जातं, हे त्यांना घरोघरचं ठाऊक होतं. बाहेरच्या माणसानं बुटांबरोबर तोच नियम पाठवला तर तो पोरांना हाकलून देण्याच्या कामी येतो.

संस्थेशी बोल. सराव सगळ्यांसाठी खुला राहू दे, आणि सामन्यात उतरण्यासाठी शिक्षणाची अट ठेवा, तीही मुदत देऊन. त्या तिघांची वयं तू लिहिली नाहीस. चौदाच्या आतली असतील तर त्यांना गॅरेजमध्ये कामाला ठेवणं हा गुन्हा आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे जवळच्या शाळेनं त्यांना वयाप्रमाणे वर्गात घेतलंच पाहिजे. मुख्याध्यापकांकडे तू स्वतः जा. शाळा दाद देत नसेल किंवा मालक पोरांना सोडत नसेल तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या नंबरवर फोन कर. मोठी असतील तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, काम सांभाळून. फॉर्मची मुदत गेली की वर्ष गेलं, तेव्हा आधी तारखेची चौकशी कर. आणि संस्थेला सांग, बुटांच्या तीन जोड्या कमी दिल्या तरी चालतील, त्या पैशांतून या तिघांची परीक्षा फी आणि पुस्तकं द्या.